नंबर काढला म्हणजे डोळे तपासले असे नव्हे

आमच्या दवाखान्यात दर महिन्याला रक्तदाब दाखवायला एक निवृत्त गुरुजी येतात. प्राथमिक शाळेत पस्तीस वर्षे नोकरी झालेली, वेळेचे पक्के, गोळ्यांचे रिकामे पाकीटसुद्धा जपून आणणारे. सात-आठ वर्षांपूर्वी ते एकदा तपासणीच्या खोलीत येताना दाराच्या चौकटीवर डावा खांदा आपटून आत आले. "लागलं का गुरुजी?" म्हणून मी विचारले. "नाही हो, हल्ली होतं असं," म्हणून ते हसले. पुढच्या महिन्यात पुन्हा तीच चौकट आणि तोच डावा खांदा. तेव्हा मात्र माझ्या मनात पाल चुकचुकली.

"गुरुजी, डोळे कधी तपासलेत?" असे विचारताच त्यांनी खिशातून चष्म्याचे घर काढून टेबलावर ठेवले. म्हणाले, "दोन वर्षांत तीन चष्मे झाले, डॉक्टर. नंबर अगदी बिनचूक आहे. समोरच्या कॅलेंडरवरची तिथी वाचून दाखवू?" आणि त्यांनी ती खरोखरच वाचून दाखवली.

मी त्यांना समोर बसवले, माझ्या नाकाकडे बघायला सांगितले आणि बाजूने बोट हलवत हलवत आत आणू लागलो. ही तपासणी करायला यंत्र लागत नाही, कोणीही डॉक्टर करू शकतो. उजव्या बाजूचे बोट त्यांना बऱ्यापैकी लवकर दिसले. डाव्या बाजूचे बोट अगदी जवळ येईपर्यंत दिसलेच नाही. त्याच आठवड्यात त्यांना जिल्ह्याच्या ठिकाणी नेत्रतज्ज्ञांकडे पाठवले. उत्तर आले काचबिंदू. डाव्या डोळ्याचा दाब ३८, उजव्याचा ३०. डाव्या डोळ्याची नस बहुतेक वाळलेली, उजवीही दुखावलेली. गुरुजींनी मला विचारले, "गेलेलं परत येईल ना?" काचबिंदूत गेलेली नजर परत येत नाही, हे त्यांना सांगण्याचे काम माझ्याकडे आले.

दोन वर्षांत तीन वेळा चष्म्याचा नंबर निघाला, पण तीनपैकी एकदाही कोणी डोळ्याचा दाब मोजला नाही की आतली नस पाहिली नाही. आता सगळा दोष चष्म्याच्या दुकानावर टाकणे सोपे आहे. पण गुरुजी माझ्याकडेही कित्येक वर्षे येत होते. त्यांच्या वडिलांना म्हातारपणी दिसेनासे झाले होते, हे मला माहीत होते. तरीही मी त्यांना डोळ्यांच्या डॉक्टरकडे धाडले नव्हते. गुरुजी हे सदर नेमाने वाचतात. त्यांची परवानगी घेऊनच हे लिहीत आहे.

मुद्दा असा की, डोळे तपासणे म्हणजे नंबर काढणे, अशी आपल्या सगळ्यांची समजूत होऊन बसली आहे. आपल्या भाषेतसुद्धा चष्म्यालाच चाळिशी म्हणतात. चाळीस वर्षे झाली, पेपर लांब धरावा लागला, की दुकानात जायचे, यंत्रासमोर हनुवटी टेकवायची, काचा घ्यायच्या आणि घरी यायचे. दुकानावर पाटी असते, 'कॉम्प्युटरने मोफत नेत्रतपासणी'. त्या यंत्राला मी नावे ठेवत नाही. ते चष्म्याचा अंदाजे नंबर सांगते आणि ते काम ते चोख करते. त्याच्याकडून याहून जास्त अपेक्षा ठेवायची नाही, एवढेच. काही चष्मेवाले इतके प्रामाणिक असतात की, काच लावूनही नजर सुधारत नाही असे दिसले की स्वतःहून म्हणतात, आधी डॉक्टरांना दाखवून या. असा दुकानदार तुमच्या गावात असेल तर त्याला सोडू नका.

भिंतीवरच्या अक्षरांच्या तक्त्याचेही तसेच आहे. हर्मन स्नेलेन नावाच्या डच डॉक्टरने १८६२ साली हा तक्ता तयार केला. सहा मीटरवरून, म्हणजे सुमारे वीस फुटांवरून तो वाचायचा. कागदावर ६/६ लिहिले असेल तर नजर चांगली. ६/६० याचा अर्थ असा की, निरोगी माणसाला जे अक्षर साठ मीटरवरून ओळखू येते, ते तुम्हाला सहा मीटरवर आल्यावर ओळखू येते. हे समजून घ्या, कारण नोकरीच्या आणि लायसन्सच्या कागदांवर हेच आकडे असतात. पण या तक्त्याने फक्त नजरेचा मध्यभाग तपासला जातो. काचबिंदू बहुधा कडेकडेने खात येतो आणि मध्य शेवटी सोडतो. त्यामुळे माणूस शेवटची ओळ वाचत असतो आणि दाराच्या चौकटीवर आपटतही असतो.

मग डोळ्यांच्या डॉक्टरकडे गेल्यावर काय काय व्हायला हवे? एक तर चष्म्याचा नंबर, तो होतोच. दुसरे, दिव्याच्या दुर्बिणीतून डोळ्याचा पुढचा भाग, म्हणजे बुबुळ आणि भिंग पाहणे. तिसरे, डोळ्याचा दाब. हा कधी फुस्सकन हवा सोडून मोजतात, तर कधी डोळा बधिर करणारा थेंब टाकून निळ्या उजेडात मोजतात. दुखत दोन्हीत नाही. साधारणपणे १० ते २१ हा दाब ठीक समजतात. इथे एक गंमत सांगतो. "माझं बीपी नॉर्मल आहे, मग डोळ्याचा दाब कशाला बघायचा?" असे म्हणून भांडणारे पेशंट मला वर्षातून चार-पाच तरी भेटतात. रक्तदाब वेगळा आणि डोळ्याच्या आतल्या पाण्याचा दाब वेगळा. एक ठीक असला म्हणून दुसरा ठीक असेलच असे नाही. शिवाय काही जणांना दाब २१ च्या आत असूनही काचबिंदू होतो. म्हणून आकड्यावर न थांबता आतली नस डोळ्यांनी पाहावी लागते.

इथेच गाडी अडते. नस आणि पडदा नीट पाहायचा तर बाहुली मोठी करावी लागते. त्यासाठी थेंब टाकतात, ते थोडे चुरचुरतात. वीस मिनिटे, अर्धा तास डोळे मिटून बसावे लागते. कधी दोन-तीनदा थेंब टाकावे लागतात. त्यानंतर चार ते सहा तास जवळचे अंधुक दिसते आणि उन्हात डोळे दिपतात. एवढ्यासाठी आपली माणसे पळ काढतात. कोणाची दुपारची एस.टी. चुकणार असते, कोणाला बाजार करायचा असतो, कोणी सरळ म्हणते, "साहेब, नुसता नंबर द्या, थेंब नको." डॉक्टरांच्या बाहेर पन्नास माणसे बसलेली असतात, तेही म्हणतात, बरं, पुढच्या वेळी करू. ती पुढची वेळ कधी येत नाही. चाळिशी उलटलेल्या माणसाने, आणि वय काहीही असले तरी मधुमेह असलेल्याने, डोळ्यांच्या डॉक्टरकडे जाताना अर्धा दिवस मोकळा ठेवूनच निघावे. थेंब टाकायचे राहिले असतील तर आपण होऊन विचारावे, "डॉक्टर, पडदा बघायचा का?" हे विचारण्यात उद्धटपणा काही नाही. क्वचित एखाद्याच्या डोळ्याची रचना अशी असते की थेंबाने दाब एकदम वाढू शकतो. ते डॉक्टर आधी पाहतात आणि तसे असेल तर स्वतःच थांबतात. तो निर्णय त्यांच्यावर सोडा, एस.टी.च्या वेळापत्रकावर सोडू नका.

जाताना बरोबर कोणाला तरी न्या. स्वतः मोटारसायकल चालवत जाऊ नका, येताना समोरच्या गाडीचा उजेड डोळ्यांत घुसतो. काळा चष्मा असला तर घ्या, नसला तर टोपी, नाही तर डोक्यावर पदर चालेल. त्या दिवशी कागदपत्रांवर सह्या किंवा पैशांचे मोठे व्यवहार ठेवू नका, कारण अक्षर दिसत नाही. लहान मुलांना कधी कधी दोन-तीन दिवस मलम घालायला सांगतात. त्याने बाहुली आठ-पंधरा दिवससुद्धा मोठी राहते. मुलाला पुस्तकातले दिसेना म्हणून आया घाबरून माझ्याकडे धावत येतात. घाबरू नये, ते आपोआप उतरते. मात्र मूल तिरळे बघत असेल तर 'मोठा झाला की सुटेल' म्हणून वाट पाहू नका. मेंदू एका डोळ्याकडे दुर्लक्ष करायला शिकतो आणि सात-आठ वर्षांनंतर तो डोळा कामाला लावणे कठीण होत जाते.

जुना चष्मा, जुनी चिठ्ठी आणि चालू असलेली सगळी औषधे बरोबर न्या. "डोळ्याच्या डॉक्टरला बाकीच्या गोळ्या कशाला दाखवायच्या?" हा प्रश्न मला नेहमी ऐकू येतो. याचे उत्तर थोडे सविस्तर देतो, कारण हा भाग आमच्यासारख्या फॅमिली डॉक्टरांच्या हातचा आहे आणि आम्हीही तो विसरतो. लघवी अडकते म्हणून प्रोस्टेटसाठी टॅमसुलोसिन नावाची गोळी बऱ्याच आजोबांना चालू असते. तिने डोळ्यातली बाहुलीभोवतीची चकती सैल पडते आणि मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेत अडचण येऊ शकते. सर्जनला आधी माहीत असले तर तो तयारीत राहतो. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्यांचेही सांगावे, पण त्या स्वतःच्या मनाने बंद करू नयेत. संधिवातासाठी हायड्रॉक्सीक्लोरोक्वीन वर्षानुवर्षे घेणाऱ्यांनी पडदा तपासून घ्यायचा असतो. क्षयाच्या औषधांत इथॅम्ब्युटॉल असते. ते चालू असताना नजर मंदावली किंवा लाल रंग फिका दिसू लागला तर त्याच दिवशी डॉक्टरांना सांगा.

मधुमेहाबद्दल मला सर्वांत जास्त बोलायचे आहे, कारण त्यात माणसे सर्वांत जास्त फसतात. साखरेने पडद्यावरच्या बारीक रक्तवाहिन्या खराब होतात, त्या पाझरतात, नव्या कच्च्या वाहिन्या फुटतात. यात दुखत नाही, डोळा लाल होत नाही आणि बराच काळ नजरही चांगली असते. 'दिसतंय ना, मग कशाला' म्हणणारा माणूस एके दिवशी सकाळी उठतो तो डोळ्यासमोर काळे जाळे घेऊन. साधारण प्रौढपणी होणाऱ्या मधुमेहात, तो सापडला त्याच सुमारास एकदा आणि मग दरवर्षी, बाहुली मोठी करून पडदा तपासायचा. वेळेवर सापडले तर लेसरने किंवा इंजेक्शनने नजर राखता येते. मधुमेही बाईला दिवस गेले तर तिने सुरुवातीलाच पडदा दाखवावा, कारण त्या काळात आजार झपाट्याने वाढू शकतो. आणखी एक. साखर खूप वाढली की चष्म्याचा नंबर तात्पुरता बदलतो. अशा वेळी नवा चष्मा करून घेतला आणि महिनाभराने साखर उतरली, की तो चष्मा वाया. माझ्याकडे एका शेतकरी आजींचा मधुमेह असाच सापडला. एका वर्षात दोन चष्मे बदलूनही नीट दिसेना म्हणून त्या कुरकुरत होत्या. साखर तपासली तर चारशेच्या घरात. चष्म्याचे पैसे गेले म्हणून आजी त्या दुकानदाराला अजून शिव्या देतात.

आता जे सांगणार आहे ते सांगायला जड जाते. पंधरा-सोळा वर्षांपूर्वी एक बाई आठ वर्षांच्या मुलाला घेऊन आल्या. उन्हाळा आला की त्याच्या डोळ्यांना भयंकर खाज सुटायची, चिकट तार यायची, पोरगा रात्रंदिवस डोळे चोळायचा. हा एक प्रकारच्या ॲलर्जीचा आजार आहे आणि आपल्या कोरड्या, धुळीच्या भागात तो पुष्कळ दिसतो. मी स्टिरॉइडचे थेंब लिहून दिले, सात दिवसांसाठी. दोन दिवसांत मुलाला आराम पडला. बाई खूश झाल्या, मीही विसरून गेलो. बाईंनी रिकामी बाटली जपून ठेवली. पुढच्या उन्हाळ्यात ती दुकानात दाखवली, तशीच दुसरी मिळाली. मग खाज सुटेल तेव्हा, पुढे पुढे बारा महिने. चार वर्षे! कायद्याने हे थेंब डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय विकता येत नाहीत, बाटलीवर तसे छापलेलेही असते. पण दुकानात कोण वाचतो? मुलगा बारा वर्षांचा झाला तेव्हा शाळेतून निरोप आला की त्याला फळा दिसत नाही. स्टिरॉइडने दोन्ही डोळ्यांचा दाब चढून नसा वाळल्या होत्या, शिवाय मोतीबिंदूही आला होता. बारा वर्षांच्या पोराला.

शस्त्रक्रिया झाल्या. उरली तेवढी नजर टिकली आहे, पण नळीतून पाहावे तेवढीच. आज तो चोविशीचा आहे. त्याला पोलीस भरतीला जायचे होते. बाईंनी मला कधी दोष दिला नाही, हेच मला जास्त लागते. पहिली चिठ्ठी माझी होती. 'सात दिवस' असे मी लिहिले होते, पण ते इंग्रजीत आणि माझ्या अक्षरात. तेव्हापासून डोळ्यांच्या थेंबांच्या चिठ्ठीवर मी मराठीत, ठळक अक्षरांत, थेंब किती दिवस टाकायचे ते लिहितो आणि तोंडानेही दोनदा सांगतो. खाज वारंवार सुटणारे मूल आता मी स्वतः हाताळत बसत नाही, सरळ नेत्रतज्ज्ञांकडे पाठवतो.

बाटलीवर डेक्सामेथासोन, बीटामेथासोन, प्रेडनिसोलोन यांपैकी नाव असेल तर ते स्टिरॉइड समजा. याचा अर्थ ते विष आहे असा नाही. मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेनंतर तेच थेंब आवश्यक असतात आणि डॉक्टर सांगतील तसे हळूहळू कमी करायचे असतात. तेव्हा हे वाचून कोणी चालू असलेले थेंब एकदम बंद करू नका. पण शेजारणीच्या डोळ्याला गुण आला म्हणून तिची बाटली आपल्या घरी आणायची नाही. कोणतीही उघडलेली बाटली साधारण महिन्याभराने टाकून द्यायची.

याच थेंबांचा दुसरा घात शेतात होतो. ऊसतोडीला पाचट डोळ्याला लागते, कोकणात भाताचे तूस उडते, मळणीत कुसळ जाते. अशा जखमेत बुरशी धरते. बुरशीवर स्टिरॉइड टाकणे म्हणजे आगीत तेल. दोन दिवस लाली कमी झाल्यासारखी वाटते आणि आत बुबुळ सडत जाते. शेवटी फूल पडते ते जन्माचे. कोणी मध घालतो, कोणी बाळंतिणीचे दूध, कोणी जिभेने कचरा काढणाऱ्या बाईकडे नेतो. शेतात डोळ्याला काही लागले आणि दुसऱ्या दिवशी डोळा दुखतो आहे, पाणी येते आहे, उजेड सोसत नाही, तर माझ्याकडेही वेळ घालवू नका, थेट डोळ्यांच्या डॉक्टरकडे जा. वाटेत डोळा चोळू नका.

चुन्याचे मात्र उलटे आहे. तंबाखूच्या चुन्याची पुडी किंवा ट्यूब दाबून लहान मुलाच्या डोळ्यात चुना उडाल्याच्या केसेस आमच्या भागात दरवर्षी येतात. तिथे आधी डॉक्टर नाही, आधी पाणी! हाताशी असेल त्या स्वच्छ पाण्याने, पापण्या उघड्या धरून, निदान पंधरा मिनिटे ते अर्धा तास डोळा धूत राहायचे, अडकलेले खडे ओल्या कापडाच्या टोकाने टिपून काढायचे आणि मग गाडीत घालायचे. आधी गाडी शोधत बसलेल्यांची मुले मी पाहिली आहेत.

बिनवेळेची वाट न पाहता त्याच दिवशी जावे अशी आणखी दोन-तीन कारणे आहेत. एका डोळ्याने अचानक दिसेनासे झाले तर. विजा चमकल्यासारखे होऊन एकदम पुष्कळ काळे ठिपके तरंगू लागले किंवा कडेने पडदा ओढल्यासारखे वाटले तर. डोळा लाल होऊन असह्य दुखू लागला, दिव्याभोवती रंगीत कडी दिसू लागली आणि उलट्या झाल्या तर. या शेवटच्या प्रकारात पित्ताची गोळी घेऊन झोपलेले पेशंट मी पाहिले आहेत, दाब डोळ्यात चढलेला होता.

मोतीबिंदूविषयी लोकांना बरेच ठाऊक आहे, पण अर्धवट. 'अजून पिकला नाही, पिकू द्या,' हा सल्ला जुन्या शस्त्रक्रियेच्या काळातला. तेव्हा भिंग पूर्ण काढून घेत आणि आजोबांना सोड्याच्या बाटलीच्या बुडासारखा चष्मा मिळे. आता कामात अडचण येऊ लागली की शस्त्रक्रिया करता येते. फार पिकू दिला तर ती उलट अवघड होते. 'लेसरने काढला' असे सगळेच सांगतात. बहुतेकांचा तो ध्वनिलहरींनी फोडून काढलेला असतो. आत जे कृत्रिम भिंग बसवतात त्याची सुरुवात लंडनमध्ये हॅरोल्ड रिडली या सर्जनने १९४९ साली केली. भिंग देशी की परदेशी, हा प्रश्न आता लोक लग्नातल्या साडीसारखा विचारतात. मदुराईच्या अरविंद नेत्र रुग्णालयाच्या ऑरोलॅबने १९९२ पासून स्वस्त आणि चांगली भिंगे बनवली, ती परदेशांतही जातात. तेव्हा 'इम्पोर्टेड' या एका शब्दासाठी म्हैस विकू नका. या भिंगाने मला जवळचा चष्मा लागेल का, पडदा आणि नस आधी तपासली का, एकूण खर्च किती, एवढे विचारले तरी पुरे. पडदा खराब असेल तर कितीही महागडे भिंग घातले तरी नजर यायची नाही. ज्यांना परवडत नाही त्यांनी जिल्हा रुग्णालयात चौकशी करावी. अंधत्व नियंत्रणाचा राष्ट्रीय कार्यक्रम १९७६ पासून चालू आहे आणि सरकारी रुग्णालयात मोतीबिंदूची शस्त्रक्रिया त्यातून मोफत होते.

माझ्या नेत्रतज्ज्ञ मित्रांनाही एक विनंती. कागदावर दोन्ही डोळ्यांचा दाब आणि नस कशी दिसली ते वाचता येईल अशा अक्षरात लिहून द्या. पेशंटला त्याचा अर्थ कळेलच असे नाही, पण पुढच्या वेळी त्याला तपासणाऱ्याला कळेल. आणि पेशंटनी तो कागद देवाच्या फोटोमागे न ठेवता फाइलला लावावा.

गुरुजींचा उजवा डोळा थेंबांवर सांभाळलेला आहे. काचबिंदू घराण्यात असला की भावंडांना आणि मुलांना धोका जास्त, म्हणून त्यांच्या मुलाला मी तपासून घ्यायला सांगितले. तो सेहेचाळीस वर्षांचा, पंचायत समितीत नोकरीला. वर्षभर त्याचे एकच उत्तर, "मला सगळं दिसतंय, डॉक्टर." अखेर गुरुजी त्याला बरोबर घेऊन एस.टी.त बसले. संध्याकाळी दोघे माझ्याकडे आले. मुलाच्या डोळ्यांवर वडिलांचा काळा चष्मा, हातातला कागद स्वतःला वाचता येत नव्हता म्हणून माझ्यापुढे केला. दाब २६ आणि २४, नस अजून चांगली. त्यालाही थेंब सुरू झाले. आता रोज रात्री नऊ वाजता गुरुजी थेंब टाकायला बसतात, आधी मुलाच्या डोळ्यांत आणि मग स्वतःच्या.